वाचवून आणलेली सातेरी मधमाशी पेटीत थांबत का नाही?

प्रश्न : घरच्या ६ पेट्या चांगल्या चालल्या आहेत. विहिरीच्या कपारीतून आणि पडक्या भिंतीतून सातेरीच्या आणखी ४ वसाहती काढून आणल्या, त्यातल्या २ तिसऱ्या दिवशी उडून गेल्या. पेट्या विकणारा म्हणतो, पेटीच्या दाराला राणी अडवणारी पट्टी महिनाभर ठेवा, रोज लिटरभर साखरपाक द्या आणि पाकात ही पुडी टाका. करावे का? (ता. जावळी, जि. सातारा)

उत्तर : पुडी टाकू नका. टाकली असेल तर त्या पेटीचा मध यंदा काढू नका. अशा पुड्यांत बहुतेक वेळा प्रतिजैविक असते. सातेरीला पोखरणारा सॅकब्रूड हा अळ्यांचा, विषाणूमुळे होणारा रोग आहे, त्यावर प्रतिजैविक चालत नाही. रोग जातच नाही, मधात मात्र औषधाचा अंश उतरतो.

माशी नव्या पेटीत थांबते ती पिल्लांसाठी. म्हणून घरच्या निरोगी, भरलेल्या पेटीतली उघड्या अळ्यांची एक फ्रेम (पोळ्याची चौकट) माश्या झटकून नव्या पेटीत द्या. मी कुठेही गेलो तरी हेच सांगतो, कारण एवढे केले की उडून जाणे बहुतेक थांबते. उलटे मात्र कधीही करू नका : बाहेरून आलेल्या वसाहतीची फ्रेम घरच्या पेटीत जाता कामा नये. नव्या पेट्या महिना-दीड महिना वेगळ्या ठेवा. अळी पोळ्याच्या घरात होडीसारखी टोक वर करून मेलेली दिसली, चिमट्याने उचलल्यावर पाण्याच्या पिशवीसारखी लोंबली, तर तो सॅकब्रूड समजा.

मूळ पोळ्याचा पिल्लांचा भाग तेवढा केळीच्या सोपटाने फ्रेमला बांधा, वरची बाजू वरच राहू द्या. मधाचा भाग कापून बाजूला काढा. तो ओझ्याने तुटतो, मध गळतो, मुंग्या येतात आणि घरच्या पेट्यांतल्या माश्या लुटायला येतात. पेटी अंधार पडेपर्यंत काढल्या जागीच ठेवा, नाहीतर रानात गेलेल्या कामकरी माश्या मागे राहतात.

राणीची पट्टी ४-५ दिवस, त्यापुढे नाही. महिनाभर तर मुळीच नाही! फांदीवर लटकलेला थवा धरला असेल तर राणी कोरी असू शकते. पट्टीमुळे ती मिलनाला बाहेर पडत नाही आणि वसाहत संपते. आठवड्याने फ्रेम उन्हाकडे धरून पाहा. घराच्या तळाशी तांदळाच्या कणीहून बारीक, उभे पांढरे अंडे दिसले की राणी अंडी घालू लागली.

साखरपाक साखर आणि पाणी सारखे घेऊन, २००-२५० मिली, फक्त अंधार पडल्यावर, आठवडाभर. लिटरभर पाक दिलात तर सगळी घरे पाकानेच भरतात, राणीला अंडी घालायला जागा उरत नाही. पाक जास्त खपला तर साखर विकणाऱ्याचा फायदा होतो, वसाहतीचा नाही. दिवसा पाक दिला की लूट ठरलेली.

पावसाळ्यात वसाहती काढू नका. पेटीवाला जून महिन्यातही पेट्या गळ्यात मारेल; फुलोरा नसताना त्या तुम्ही पाकावर किती दिवस जगवणार? हिवाळा ते जांभळाचा फुलोरा हाच काळ. आणि आग्या मधमाशी पेटीत राहत नाही, कोणी काहीही सांगो.

दोन वसाहती अशक्त राहिल्या तर एक राणी काढून, मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालून संध्याकाळी जोडा. चार मरतुकड्या पेट्यांपेक्षा दोन भरलेल्या बऱ्या.

अनुदान : खादी व ग्रामोद्योग मंडळाची मधकेंद्र योजना, ५० टक्के. प्रशिक्षण लागते. चौकशी जिल्हा कार्यालयात करा, पेटीवाल्याकडे नको.