गेम मे महिन्यात, पेरणी जूनमध्ये

प्रश्न : मी २८ वर्षांचा आहे. मूळ गाव परभणी जिल्ह्यात, नोकरी वाळूजच्या एका कंपनीत डिझाइन विभागात. हातात ३८,००० पगार येतो, त्यातले १०,००० घरी पाठवतो. दोन मित्रांसोबत अडीच वर्षं रात्री जागून देवगिरी किल्ल्यावरचा एक कोडी सोडवण्याचा गेम तयार केला आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तो स्टीमवर, म्हणजे संगणकावरचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, रिलीज करायचा आहे. किंमत ९.९९ डॉलर, भारतात ४९९ रुपये. विशलिस्टमध्ये, म्हणजे ‘पुढे घ्यायचा’ म्हणून गेमची नोंद करून ठेवणाऱ्यांत, ३,४०० लोक आहेत. एक मार्केटिंग एजन्सी साडेतीन लाखांत पहिल्या महिन्यात १०,००० प्रती विकून देण्याची हमी देते. शेवटचे तीन महिने नोकरी सोडून पूर्णवेळ काम करायचा विचार आहे. आईच्या सोन्याच्या पाटल्या गहाण ठेवून ४ लाख, वडिलांच्या खरिपाच्या पीककर्जातून १ लाख आणि माझी १ लाख ८० हजारांची एफडी, असे ६ लाख ८० हजार उभे राहतात. जूनमध्ये सगळं फेडून टाकेन. हे बरोबर आहे का?

उत्तर : गेम जरूर रिलीज करा. नोकरी सोडू नका, आईच्या पाटल्यांना आणि वडिलांच्या पीककर्जाला हात लावू नका, एजन्सीला एक रुपयाही देऊ नका. आणि मे महिन्याची तारीख पुढे ढकला. तुम्हाला हे आवडणार नाही, म्हणून एकेक कारण सविस्तर सांगतो.

तुम्ही पत्रासोबत पाठवलेला डेमो मी खेळून पाहिला. किल्ल्यातल्या अंधारीत मशाल विझल्यावर फक्त पावलांच्या आवाजावरून वाट शोधायची, ही कल्पना मला फार आवडली. लहानपणी शाळेच्या सहलीत ती अंधारी चढलेल्या मराठवाड्यातल्या प्रत्येकाला ती भिडेल. खालचं सगळं मी हा गेम जगावा म्हणूनच लिहितो आहे.

आधी विक्रीचा अंदाज. विशलिस्टमधले ३,४०० लोक म्हणजे ३,४०० गिऱ्हाइकं नव्हेत. विशलिस्टचं बटण दाबायला पैसे पडत नाहीत. बरेच जण मोठ्या सवलतीची वाट बघतात, बरेच जण विसरतात. त्यातले शंभरातले दहा जण पहिल्या महिन्यात विकत घेतील असं मी धरतो. झाल्या ३४० प्रती. तेवढेच लोक विशलिस्टबाहेरून आले असं उदारपणे धरलं तर ६८०. सुरुवातीची सवलत, भारतासारख्या देशांतली कमी किंमत आणि परदेशी किमतीत मिसळलेला कर वजा जाता सरासरी ५०० रुपये प्रतीमागे धरा. ३ लाख ४० हजार. दहा टक्के रिफंड धरले तर उरले ३ लाख ६ हजार. स्टीम ३० टक्के कापतं, उरले २ लाख १४ हजार. अमेरिकेतल्या विक्रीवर तिथला करही कापला जातो. भारत-अमेरिका कराराचा लाभ घेतला तर तो १५ टक्के, फॉर्म नीट भरला नाही तर ३०. एक तृतीयांश विक्री अमेरिकेत झाली असं धरून हातात येतात सुमारे २ लाख ३ हजार, म्हणजे प्रतीमागे ३०० रुपये. तिघांत वाटले तर प्रत्येकी ६८,००० च्या आसपास.

ही माझी गृहीतकं आहेत, प्रत्यक्षात आकडा दुप्पट होईल किंवा निम्मा राहील. पण तुमच्या योजनेशी ताडून बघा. ६ लाख ८० हजार तुम्ही एकटे घालणार आणि प्रत्येक प्रतीतून तुमच्या वाट्याला १०० रुपये येणार. नुसतं मुद्दल निघायला ६,८०० प्रती विकाव्या लागतील, माझ्या अंदाजाच्या दहापट. सोन्यावरचं व्याज ११ टक्के धरलं तर वर्षाला ४४,००० आणखी. बुडालेला तीन महिन्यांचा पगार वेगळा.

एकट्याने चार वर्षांहून जास्त काळ खपून बनवलेला ‘स्टारड्यू व्हॅली’ २०१६ मध्ये आला आणि जगभर खपला, हे तुम्ही पत्रात लिहिलं आहे. खरं आहे. पण एकट्या २०२४ मध्ये स्टीमवर १८ हजारांहून जास्त गेम आले, दिवसाला जवळजवळ पन्नास. त्यातल्या बहुतेकांची नावं तुम्ही किंवा मी कधी ऐकणारही नाही. जवळचंच उदाहरण घ्यायचं तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ बघा. त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न केला, ठरवलेली रक्कम जमली नाही. तरी ते चिकटून राहिले आणि गेम २०२० मध्ये बाहेर आला. दर्जा असूनही पैसा आणि वेळ किती ताणावा लागतो, हे त्यातून दिसतं.

आता जूनचा मुद्दा, माझ्या दृष्टीने सगळ्यात गंभीर. स्टीम विक्रीच्या दिवशी पैसे देत नाही. एका महिन्याची विक्री पुढच्या महिन्याच्या अखेरीस हातात पडते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात गेम आला तर त्याचा पहिला रुपया जूनअखेर तुमच्या बँकेत पोचेल. मृग तोवर होऊन गेलेला असतो. सोयाबीनचं बियाणं, खत, पेरणीची मजुरी, सगळं त्याआधी रोख लागतं, आणि पेरणीचा वाफसा स्टीमच्या पेमेंटसाठी थांबत नाही. ते १ लाख वेळेवर आले नाहीत तर वडील कृषी सेवा केंद्रातून उधारीवर माल उचलतील आणि आडतीवर सोयाबीन घालताना ती उधारी वळती होईल.

शिवाय पीककर्ज हे सगळ्यात स्वस्त कर्ज आहे, तेच बिघडवायचं नसतं. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज ७ टक्क्यांनी मिळतं, मुदतीत फेडलं तर केंद्राची ३ टक्के सवलत, आणि उरलेला भार राज्य सरकार पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेसारख्या योजनांतून उचलतं. म्हणजे वेळेवर फेडणाऱ्या शेतकऱ्याला ते शून्य टक्क्यावर पडतं. मुदत चुकली की सवलत गेली, आणि थकबाकीदार म्हणून पुढच्या हंगामाचं कर्जही अडतं. तुमच्या वडिलांनी ही पत इतकी वर्षं सांभाळली आहे. गेमच्या तीन महिन्यांच्या प्रचारासाठी ती पणाला लावणं मला मान्य नाही.

कर्जाचा गेमवरही वाईट परिणाम होतो, आणि त्याचा विचार तुम्ही केलेला दिसत नाही. फेडीची तारीख ठरली की रिलीजची तारीख हलवता येत नाही. रिलीजची तारीख हलवता येणं ही छोट्या टीमच्या हातातली सगळ्यात मोठी ताकद आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ‘सिल्कसाँग’ हा बहुप्रतीक्षित गेम ४ सप्टेंबरला येणार असं दोन आठवडे आधी जाहीर झालं आणि त्या सुमारास येणाऱ्या कित्येक छोट्या गेमनी आपापल्या तारखा पुढे नेल्या. त्यांच्यापैकी कुणाचा गोल्ड लोन त्याच महिन्यात संपत असता तर? मोठ्यांचंही बघा. ‘सायबरपंक २०७७’ ची तारीख तीनदा पुढे गेली, शेवटी १० डिसेंबर २०२० ला तो आला तो दोषांसकट. आठवड्याभरात सोनीने तो आपल्या स्टोअरमधून काढला, रिफंड दिले, आणि परत यायला जून २०२१ उजाडला. त्या कंपनीकडे गेम दुरुस्त करायला माणसं आणि पैसा होता. तुम्ही तिघं आहात. स्टीमवर दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम १४ दिवसांत परत करता येतो, आणि दहा परीक्षणं जमली की गेमच्या नावाशेजारी लोकांचं मत झळकायला लागतं. तुमचा गेम चार-पाच तासांचा आहे. डेमोमध्ये मोटेचं कोडं सोडवताना माझा गेम एकदा अडकला होता. खंदक ओलांडायच्या आतच असं शंभर जणांचं झालं तर ती पहिली दहा मतं काय येतील, याचा विचार करा.

म्हणून मे सोडा. स्टीमचा नेक्स्ट फेस्ट, म्हणजे येऊ घातलेल्या गेमच्या डेमोंचा ऑनलाइन महोत्सव, फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबर असा वर्षातून तीनदा असतो, आणि रिलीज न झालेल्या गेमला त्यात एकदाच डेमो घेऊन उतरता येतं. मेमध्ये रिलीज केलात तर ती एकुलती एक संधी गेली. जूनची नोंदणी अजून खुली असेल तर जून, नाहीतर ऑक्टोबर. जूनमध्ये उतरलात तर त्यानंतरचा स्टीमचा उन्हाळी सेल संपू द्या आणि मग तारीख ठरवा. अडीच वर्षं थांबलात, आणखी काही महिने पगार चालू असताना थांबायला खर्च येत नाही.

एजन्सीबद्दल थोडक्यात. परदेशातल्या दहा हजार अनोळखी माणसांनी काय विकत घ्यावं याची हमी कुणीही देऊ शकत नाही. तुमचा विश्वास बसत नसेल तर त्यांना विचारा, की पैसे प्रत विकल्यावर घेणार का? उत्तर काय येईल ते तुम्हालाही माहीत आहे. कोडी आणि ॲडव्हेंचर गेम खेळून दाखवणाऱ्या छोट्या यूट्यूबरना तुम्ही स्वतः लिहा आणि गेमची की, म्हणजे तो फुकट उघडायचा कोड, पाठवा. डेव्हलपरला या की स्टीमकडून फुकट मिळतात. मराठी यूट्यूबरना जरूर पाठवा, पण तुमचा मोठा ग्राहक इंग्रजी वाचणारा परदेशी माणूस असेल, हे विसरू नका.

एफडी तुमची स्वतःची आहे, तिच्यातून खर्च करा. १ लाख २० हजारांपेक्षा जास्त नको. उरलेले ६०,००० आणि चालू पगार ही तुमची अडीअडचणीची गंगाजळी. या पैशातून पहिलं काम, स्टोअरवरचं मुख्य चित्र चांगल्या चित्रकाराकडून करून घ्या. सध्याचं चित्र अंधारं आहे आणि मोबाईलवर किल्ला दिसतच नाही. दुसरं, इंग्रजी मजकूर जाणकाराकडून तपासून घ्या. तिसरं, वेगवेगळ्या ताकदीच्या संगणकांवर चाचणी. नवा ट्रेलर तुम्ही तिघं स्वतः करू शकाल असं डेमो बघून वाटतं. हे सगळे पैसे बुडाले तरी घरात कुणाची झोप उडणार नाही, एवढीच रक्कम मी काढली आहे.

मित्रांसोबत लेखी करार नसेल तर या आठवड्यात करा. स्टीमचं खातं तुमच्या नावावर आहे असं दिसतं. मग सगळं उत्पन्न तुमच्या पॅनवर येईल आणि कर तुम्हाला भरावा लागेल, वाटा मात्र तीन. भागीदारी पत्र किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) करा. त्यात गेमचा हक्क कुणाचा, एकजण मध्येच सोडून गेला तर काय, आणि तुम्ही घातलेले १ लाख २० हजार आधी परत मिळून मग उरलेल्याची वाटणी, हे स्पष्ट लिहा. मैत्री टिकवायची असेल तर हे रिलीजआधीच व्हायला हवं, पैसे आल्यावर ही बोलणी कडू होतात. कंपनीशी केलेला नोकरीचा करारही काढून वाचा. बाहेरच्या कामाला बंदी आहे का, आणि नोकरीत असताना केलेल्या निर्मितीवर कंपनी हक्क सांगते का, ही दोन कलमं पाहा. अमेरिकेत कापलेल्या कराची वजावट इथे मिळते, पण त्यासाठी रिटर्न भरायचा फॉर्म पगारदाराचा साधा फॉर्म नसतो, तेव्हा सीए गाठा.

वडिलांना ‘सरकारने गेमवर बंदी आणली’ अशी भीती वाटते, असं तुम्ही लिहिलं आहे. २०२५ च्या कायद्याने बंदी आली ती पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर. एकदा विकत घेऊन घरी बसून खेळायचा तुमचा गेम त्यात येत नाही. हे त्यांना फोनवर सांगू नका, गावी जाऊन डेमो दाखवत सांगा.

नेक्स्ट फेस्ट संपल्यावर विशलिस्ट पुन्हा मोजा. ती सात-आठ हजारांच्या आत असेल तर नोकरी आहे तशी चालू ठेवून रिलीज करा आणि आलेल्या पैशातून पुढच्या गेमची सोय करा. वीस हजारांच्या वर गेली तर चित्र खरोखर बदललेलं असेल. त्या वेळी राजीनाम्याआधी कंपनीकडे दोन महिन्यांची बिनपगारी रजा मागून बघा आणि तो आकडा घेऊन मला पुन्हा लिहा. पाटल्या तेव्हाही आईच्या हातातच राहू द्या.