ले-आउटमधली मोकळी जागा आणि समाजभवन वस्तीच्या मंडळाच्या नावावर करता येईल का?

मोकळी जागा मालकीहक्काने मिळणं विसरा. मंजूर नकाशात ती सगळ्या रहिवाशांसाठी राखीव असते. आपल्या नागपुरात ती नासुप्रकडे (नागपूर सुधार प्रन्यास) की मनपाकडे, एवढं आधी शोधा. देखभालीसाठी किंवा भाडेपट्ट्याने मागता येते. जमीन त्यांचीच राहते.

समाजभवनाचं वेगळं आहे. भूखंड कोणी विकत घेतलेला किंवा दान दिलेला असेल, तर तो संस्थेच्या नावावर होऊ शकतो. पण गणेशोत्सवाचं पावतीपुस्तक म्हणजे संस्था नव्हे बरं! किमान 7 सभासद जमवून 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदणी करा, सोबतच 1950 च्या विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात. मग खरेदीखत किंवा दानपत्र, तेही नोंदणीकृत. त्यानंतर आखीव पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) नाव चढवा आणि 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात फेरफार अर्ज देऊन मालमत्ता ट्रस्टच्या परिशिष्टात, म्हणजे तिथल्या नोंदीत, आणा. शेवटचं हे काम लोक हमखास विसरतात.

आमच्या वस्तीत वडीलधाऱ्यांनी वर्गणी काढून भूखंड घेतला, तो तिघांच्या नावावर. विश्वासाचा मामला होता. तिघेही गेले, आता वारस म्हणतात, जागा आमची. वर्गणीच्या पावत्या आहेत, पण खतात मंडळाचं नावच नाही. काय दाखवणार?

एकदा ट्रस्टची झाली की मात्र धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय ती इमारत विकता येत नाही, 3 वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्यानेही देता येत नाही. काहींना हा जाच वाटतो. मला तर यासाठीच ट्रस्ट हवा वाटतो.