ड्वार्फ फोर्ट्रेस या गेममध्ये दर वेळी माउसने झोन (ठरावीक कामासाठी राखलेल्या जागा) आखण्याऐवजी ते फाइलमध्ये लिहून ठेवता येतात का?

हो, येतात. कुरण, खानावळ, झोपायच्या खोल्या हे सगळं प्रत्येक नव्या फोर्टमध्ये पुन्हा पुन्हा आखायचा तुम्हाला कंटाळा आलाय, तर डीएफहॅक या गेमला जोडायच्या सॉफ्टवेअरमधलं क्विकफोर्ट हे साधन नेमकं याचसाठी आहे. मी आता झोन दुसऱ्या कुठल्याच पद्धतीने आखत नाही.

आधी एक गोष्ट. डिसेंबर २०२२ मध्ये स्टीमवर आलेल्या आवृत्तीपासून झोनचं काम खूप वाढलं. त्यापूर्वी पलंग किंवा टेबल निवडून तिथून खोली ठरवावी लागायची. आता बेडरूम, ऑफिस, जेवणघर, थडगं, सगळे झोनच. त्यामुळे त्याआधीचं एखादं ब्लूप्रिंट (म्हणजे आराखड्याची फाइल) सापडलं तर त्यातला झोनचा भाग उचलू नका.

फाइल कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये बनवा, सीएसव्ही म्हणून सेव्ह करा आणि डीएफहॅक-कॉन्फिगमधल्या ब्लूप्रिंट्स फोल्डरमध्ये ठेवा. पहिल्या सेलमध्ये हॅशचं चिन्ह आणि त्याला चिकटून इंग्रजीत झोन. त्याखालचा प्रत्येक सेल म्हणजे नकाशावरची एक टाइल. पण दहा बाय दहाच्या कुरणासाठी शंभर सेल भरायची गरज नाही. डाव्या वरच्या कोपऱ्यातल्या एकाच सेलमध्ये अक्षर लिहायचं आणि कंसात लांबी-रुंदी द्यायची, मध्ये एक्स. शेजारी शेजारी बेडरूम असतील तर प्रत्येकीचा कोपरा असा वेगळा लिहा, म्हणजे प्रत्येक खोलीचा झोन स्वतंत्र राहतो.

अक्षरांत स्मॉल आणि कॅपिटलचा फरक काटेकोरपणे पाळा. स्मॉल बी म्हणजे बेडरूम, कॅपिटल बी म्हणजे सैनिकांची बराक. स्मॉल डी कचरा टाकायची जागा, कॅपिटल डी सामायिक शयनगृह. स्मॉल टी जनावरांना शिकवायची जागा, कॅपिटल टी थडगं. स्मॉल एन म्हणजे कुरण, स्मॉल एम म्हणजे जमायची जागा, स्मॉल एच म्हणजे जेवणघर.

खरी मजा महिरपी कंसात आहे. अक्षर आणि मापाच्या मधोमध या कंसात झोनचे गुणधर्म लिहिता येतात. जेवणघराच्या एचपुढे नाव द्या, लोकेशन टॅव्हर्न लिहा, कोणाला प्रवेश तेही लिहा. ब्लूप्रिंट लावताच खानावळ नावासकट उभी राहते. टॅव्हर्न या शब्दापुढे तिरकी रेघ मारून एखादं लेबल दिलंत आणि पाहुण्यांच्या खोल्यांच्या झोनमध्येही तेच लेबल लिहिलंत, तर त्या खोल्या त्याच खानावळीला जोडल्या जातात. हेच माउसने करायचं म्हटलं की प्रत्येक खोली उघडा, यादीतून खानावळ निवडा, बंद करा, पुढची उघडा. मोठ्या फोर्टमध्ये जीव जातो. नावात मोकळी जागा असेल तर ते सरळ अवतरणचिन्हांत घाला. स्प्रेडशीट आपणहून ती वाकडी करत असेल तर ती सोय आधी बंद करा.

क्रम महत्त्वाचा आहे. खोदकाम, सामान आणि झोन हे एकाच फाइलमध्ये वेगवेगळे भाग म्हणून ठेवा, पण झोन खोदकाम पुरतं झाल्यावरच लावा. उघड्यावरचं कुरण मात्र पहिल्याच दिवशी लावता येतं आणि लावावंच, कारण चरणाऱ्या जनावरांना गवत मिळालं नाही तर ती उपाशी मरतात. ब्लूप्रिंट फक्त कुरण आखून देतं. कुठलं जनावर त्यात सोडायचं ते तुम्हालाच झोन उघडून ठरवावं लागतं. बेडरूमचं तसं नाही. बेघर ड्वार्फ (फोर्टमधले बुटके रहिवासी) मोकळी खोली स्वतःच धरतात.

पहिल्या ओळीतच स्टार्ट लिहून कंसात दोन आकडे द्या, मध्ये अर्धविराम. आराखड्यातली कोणती टाइल कर्सरखाली यावी हे त्यावरून ठरतं. मी सगळ्या भागांत जिन्याचीच टाइल देते, म्हणजे खोदकामाचा आणि झोनचा आराखडा तंतोतंत एकावर एक बसतो. लावण्याआधी क्विकफोर्टच्या खिडकीत तो नकाशावर दिसतो. तरीही सरकला, तर त्याच जागी अनडू करा.

नमुना हवा असेल तर डीएफहॅकसोबतच येणारी ड्रीमफोर्टची फाइल उघडा. ती आख्ख्या फोर्टची आहे, पाहून घाबरू नका. आधी फक्त सर्फेस या मजल्याचे झोन वाचा.