पणजीत बसून नोकरी करतो, सतत थकवा असतो. आहार, व्यायाम की सप्लिमेंट, सुरुवात कशाने करू?

सुरुवात रक्त तपासणीने करा: हिमोग्लोबिन, बी-12, ड जीवनसत्त्व. कमतरता निघाली तरच गोळ्या, त्याही डॉक्टर सांगतील तेवढ्याच. ड जीवनसत्त्व शरीरात साठतं. अती झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं. मनाने अजिबात घेऊ नका.

खाण्याचं म्हणाल तर आपल्या गोव्यात ताटातच किती आहे! बांगडा, तारल्यांत ओमेगा-3 भरपूर, फक्त रव्यात तळण्याऐवजी हुमण, म्हणजे नारळाच्या वाटणातली माशांची आमटी, करा. 100 ग्रॅम नाचणीत 300 मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, सकाळी पेज घ्या. तांबडी भाजी (लाल माठ) लिंबू पिळून खा, लोह चांगलं शोषलं जातं.

आणि चाला. मिरामारच्या किनाऱ्यावर रोज अर्धा तास, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने.