पाळणाघराचे पैसे कुणाच्या पगारातून?

नाशिकच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. वय 31, एका खासगी कंपनीत अकाउंट्सला. पती 34 वर्षांचे, अंबडच्या एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात, आलटून पालटून पहिली आणि दुसरी पाळी. मुलगी आठ महिन्यांची. बाळंतपणाची 26 आठवड्यांची भरपगारी रजा संपली, पुढे वाढवून घेतलेली बिनपगारी रजाही आता संपतेय. एक तारखेला रुजू व्हायचं आहे. सासूबाई निफाडकडे, द्राक्षबाग सोडून कायमच्या येऊ शकत नाहीत. ताईंचा हिशोब असा: हातात येणारा पगार 34 हजार. त्यातून पाळणाघर 7,500, स्कूटरचं पेट्रोल 2,200, पोळ्या-भाजीच्या मावशी 3,000 आणि ऑफिसचा किरकोळ खर्च 1,300. उरतात 20 हजार. ‘एवढ्यासाठी आठ महिन्यांचं लेकरू दुसऱ्याच्या हाती का द्यायचं? तीन वर्षं घरी बसावं का?’ असं त्या विचारतात. आणि पत्राच्या शेवटी, जणू वेगळाच विषय असल्यासारखं, लिहितात की यजमानांच्या मामेभावाने मुलीच्या शिक्षणासाठी वर्षाला एक लाखाची पॉलिसी सुचवली आणि मागच्याच आठवड्यात यजमानांनी तिचा चेकही दिला.

ताई, माझ्या मते हे दोन विषय एकच आहेत, आणि पॉलिसीचा चेक गेल्यामुळे पहिला प्रश्न जास्त अवघड झाला आहे. पण आधी तुमच्या 20 हजारांकडे बघू.

पाळणाघराचे 7,500 तुम्ही पूर्णपणे स्वतःच्या पगारातून वजा केलेत. का? मूल दोघांचं आहे आणि त्याला सांभाळण्याचा खर्च घराचा आहे. तुम्हा दोघांचा मिळून हातात येणारा पगार 80 हजार. त्यातले 7,500 म्हणजे साडेनऊ टक्क्यांच्या आत. पोळ्यांच्या मावशींचंही तसंच, पोळ्या घरातले सगळे खातात. नोकरी करणाऱ्या आईच्या माथी हा सगळा खर्च मारून ‘मग उरतं काय?’ असं विचारायची आपल्याकडे सवयच आहे, आणि बाया स्वतःही तेच करतात. मला हे मनापासून खटकतं, कारण या एका वजाबाकीवर अनेक जणींनी नोकऱ्या सोडलेल्या मी पाहिल्या आहेत.

तरीही तुमच्या पद्धतीनेच मोजू. 20 हजार खरे आहेत, पण अपुरे आहेत. तुमच्या पगारपत्रकावर मूळ पगार 20 हजार दिसतो. त्यावर 12 टक्के म्हणजे 2,400 तुमचे पीएफमध्ये जातात. कंपनीही 2,400 भरते. त्यातले 1,250 पेन्शन योजनेत आणि 1,150 पीएफमध्ये. म्हणजे दर महिन्याला 3,550 रुपये तुमच्या नावावर साठतायत, जे तुमच्या हिशोबात कुठेच नाहीत. पेन्शनला एकूण दहा वर्षांची नोकरी लागते. आधीच्या कंपनीतली दोन वर्षं धरून तुमची सव्वासहा झाली आहेत.

आणि ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मालकाने द्यायची एकरकमी रक्कम. या कंपनीत तुम्हाला 4 वर्षं 3 महिने झालेत. कायम कामगाराला ग्रॅच्युइटीसाठी सलग पाच वर्षं लागतात, आणि बाळंतपणाची रजा व मंजूर झालेली रजा त्या सलग नोकरीत धरली जाते. आज राजीनामा दिलात तर हक्काचे साधारण 57,700 रुपये केवळ नऊ महिन्यांसाठी सोडून द्याल (20 हजार गुणिले 15, भागिले 26, गुणिले पाच).

तीन वर्षांचं एकत्र केलं तर हातात उरणारे 7 लाख 20 हजार, पीएफचे 1 लाख 28 हजार आणि ग्रॅच्युइटी मिळून नऊ लाखांच्या वर जातं. यात ना पगारवाढ धरली, ना पीएफवरचं व्याज, ना हे की तीन वर्षांच्या खंडानंतर परत नोकरी शोधताना पगार कितीवर ठरेल. जीएसटी आणि हिशोबाच्या कामात नियम भराभर बदलतात. तीन वर्षं बाहेर राहिलेल्या माणसाला मालक जुन्या पगारावर घेतीलच असं नाही.

आता दुसरी बाजू. तुम्ही घरी राहिलात तर घर चालतं का? यजमानांचे 46 हजार. फ्लॅटचा हप्ता 19,500. तुम्ही लिहिलेला घरखर्च, म्हणजे किराणा, दूध, भाजी, सोसायटी, लाइट-गॅस, बाळाचा खर्च, निफाडला पाठवायचे चार हजार, सगळं धरून 28,500. बेरीज 48 हजार. दर महिन्याला दोन हजारांची तूट. ही ओढूनताणून भागवता येईल. पण त्यात पॉलिसीचा लाखाचा हप्ता टाका, म्हणजे महिन्याला आणखी 8,333. तूट दहा हजारांच्या वर. तुमची एफडी 1 लाख 60 हजारांची. ती सव्वा वर्षात संपेल. त्यानंतर पॉलिसी बंद पडेल, किंवा कर्जाचा हप्ता चुकेल, किंवा तुम्ही मिळेल ती नोकरी नाइलाजाने धराल.

म्हणून स्पष्ट सांगतो: नोकरी सोडणं आणि ही पॉलिसी, दोन्ही एकदम झेपणार नाही. आणि माझ्या मते आज दोन्हीही करू नयेत.

नोकरीबद्दल आणखी एक गोष्ट तुमच्या पत्रात अर्ध्या ओळीत येऊन गेली आहे, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. घरातल्या तिघांना असलेला आरोग्य विमा तुमच्या कंपनीचा आहे. यजमानांच्या कारखान्यात काही नाही. तुम्ही राजीनामा दिला की हे संरक्षण संपतं, आणि ते नेमकं अशा वयात, जेव्हा लेकराला ताप, उलट्या-जुलाब यांसाठी कधीही ॲडमिट करावं लागू शकतं. शिवाय गरोदरपणात तुमची थायरॉइडची गोळी सुरू झाली. नवीन विमा घेताना ते सांगावंच लागतं, आणि आधीपासूनच्या आजारासाठी कंपनी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते. म्हणून नोकरीत असतानाच तिघांचा पाच लाखांचा स्वतंत्र विमा घ्या. थांबायचा काळ कंपनीच्या विम्याच्या आडोशाने निघून जाईल. तुमच्या वयाला वर्षाचा हप्ता साधारण 15 ते 20 हजार येईल. दोन-तीन कंपन्यांचे दर मागवा. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, तेव्हा कुणी अजून जुन्या आकड्यात सांगत असेल तर विचारा.

आता लेकराचं. तुमच्या डोळ्यांसमोर चित्र आहे ते सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत पाळणाघरात पडलेल्या मुलीचं. पण यजमानांच्या पाळ्या बघा. पहिल्या पाळीच्या आठवड्यात ते चारपर्यंत घरी येतात. म्हणजे तेच मुलीला घेऊन येऊ शकतात, तिचं संध्याकाळचं खाणं करू शकतात. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात ते दुपारी पावणेतीनपर्यंत घरीच असतात. रात्री उशिरा येतात, त्यांनाही झोप हवी, हे कबूल. तरी नऊ-साडेनऊपासून दुपारपर्यंत मुलगी बापाजवळ राहू शकते आणि पाळणाघरात फक्त तीन-साडेतीन तास. पत्रात यजमान ‘तू ठरव, मला चालेल’ म्हणाल्याचं लिहिलं आहे. त्यांना माझा निरोप सांगा: ठरवायचं काम तिचं एकटीचं नाही. मऊ भात कालवणं, नाचणीचं सत्त्व शिजवणं, दुपटी बदलणं यांत बाबांना न जमण्यासारखं काही नाही. आठवड्यातली निम्मी दुपार त्यांनी घेतली तर तुमचा प्रश्नच निम्मा होईल. पाळणाघराच्या ताईंशीही तासांप्रमाणे पैशांचं बोलून बघा. बऱ्याच जणी अर्ध्या दिवसाचा वेगळा दर लावतात.

पाळणाघर निवडताना दर शेवटी विचारा. आधी दुपारी एक-दीड वाजता न सांगता जाऊन या, मुलं काय खातायत, कुठे झोपतायत, एका ताईकडे तान्ही किती, ते बघा. पहिले तीन-चार महिने सर्दी-खोकला चालूच राहील, त्यासाठी दोघांनीही रजा राखून ठेवा.

तुमच्या कंपनीत 120 माणसं आहेत असं लिहिलंय. 2017 साली कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हापासून 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय देणं मालकावर बंधनकारक आहे, आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊन येता येतं. स्वतःचं नसेल तर जवळच्या कंपन्यांबरोबर मिळून चालवता येतं. एचआरला ईमेलने, म्हणजे लेखी, विचारा. कामाचं स्वरूप तसं असेल तर काही दिवस घरून काम मागायलाही कायद्यात वाट आहे, मात्र ते कंपनीच्या संमतीने. अकाउंट्सचं बरंच काम घरून होतं. महिनाअखेर आणि रिटर्न भरायच्या तारखा सोडून आठवड्यातले दोन दिवस मागा.

आणि सासूबाई. द्राक्षाची गोडी छाटणी ऑक्टोबरात, मग तोडणी जानेवारी ते एप्रिल, एप्रिलमध्येच खरड छाटणी. या दिवसांत त्या येणार नाहीत, त्यांना आग्रहही करू नका. पण पावसाळ्यात महिना-दीड महिना येतील का, हे विचारायला हरकत नाही.

पॉलिसी. वर्षाला एक लाख, 15 वर्षं, आणि विसाव्या वर्षी 27 लाख, असं कागदावर आहे. आकडा मोठा दिसतो, पण परतावा निघतो वर्षाला साधारण साडेचार टक्के. तुमची मुलगी आहे, तेव्हा पोस्टातलं सुकन्या समृद्धी खातं शेजारी ठेवून बघा. 15 वर्षं पैसे भरायचे, खातं उघडल्यापासून 21 वर्षांनी मुदत संपते, मुलगी 18 वर्षांची झाली किंवा दहावी पास झाली की शिक्षणासाठी निम्मी रक्कम काढता येते. व्याजदर सरकार दर तिमाहीला ठरवतं. जानेवारी 2024 पासून तो 8.2 टक्के आहे. हाच दर राहिला आणि वर्षाच्या सुरुवातीला लाख भरले तर 21 व्या वर्षी 47 लाखांच्या वर जातात, आणि त्यावर कर नाही. तुम्हाला लाख भरायचे नाहीत. महिन्याला दोन हजारांनी सुरुवात करा, ते 11 लाखांच्या आसपास होतात. अडचणीच्या वर्षी 250 रुपये भरूनही खातं चालू राहतं, पॉलिसीच्या हप्त्यात ही सवलत नसते. पॉलिसीने कर वाचतो हे मामेभावाचं म्हणणं तुम्हाला लागू नाही. नव्या करपद्धतीत पगारदाराला 12 लाख 75 हजारांपर्यंत कर नाही, तुम्हा दोघांचाही पगार त्याच्या कितीतरी खाली आहे.

आणि मुलीच्या शिक्षणाची खरी हमी कशात आहे? तुम्ही दोघं कमावते आहात यात. पतीला काही झालं तर 21 लाखांचं कर्ज आणि तान्ही मुलगी तुमच्या अंगावर, आणि त्यांच्या नावावर आज एक रुपयाचा टर्म विमा (माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा) नाही. एक कोटीचा, साठीपर्यंतचा घ्या. तंबाखू-सिगारेट नसेल तर वर्षाला साधारण 12 ते 18 हजारांत बसतो. तुमच्या नावावर 50 लाखांचा घ्या. लाखाच्या हप्त्यातल्या मोजक्या पैशांत हे होतं.

तुम्ही कामावर असाल तर महिन्याला 18 हजार शिल्लक पडतात. त्यातून दोन्ही टर्म, आरोग्य विमा आणि सुकन्या यांना साडेपाच-सहा हजार. उरलेले बँकेत साठवा, जोवर सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे 2 लाख 88 हजार, वेगळा पडत नाही. एफडी आहेच, दहा-अकरा महिन्यांत ते होईल. पहिल्या वाढदिवसाला हॉल घेऊन 80 हजार खर्चायचा बेत आहे, तो घरीच करा. सत्यनारायण, आप्तेष्टांचं जेवण, संक्रांतीला बोरन्हाण, आजी-आजोबांची हौस याने भागेल. बाळाच्या महिन्याच्या पाच हजारांत खासगी दवाखान्यातल्या लसी बऱ्याच आहेत. राष्ट्रीय वेळापत्रकातल्या लसी, नवव्या महिन्यातली गोवर-रुबेलाची धरून, मनपाच्या दवाखान्यात मोफत मिळतात. जास्तीच्या कोणत्या घ्यायच्या ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

नऊ महिन्यांनी ग्रॅच्युइटी हातात, विमे स्वतःचे, गंगाजळी जवळजवळ तयार, मुलगी दीड वर्षाची. तेव्हाही घरी राहावंसं वाटलं तर खुशाल राहा, मी एक शब्दही अडवणार नाही. त्या वेळी पीएफ काढू नका, आणि सीएंच्या ऑफिसातलं जीएसटी रिटर्नचं काम घरून घेता येतं का बघा. महिन्याला पाच-सात हजार आले तरी तूट भरून निघेल आणि हातातलं काम सुटणार नाही. आज जाण्याची घाई मात्र तुमच्या 20 हजारांच्या हिशोबातून आली आहे, आणि तो हिशोब अर्धा आहे.

पॉलिसीच्या चेकचं आजच बघा. पॉलिसीचा कागद किंवा ईमेल हातात आल्याच्या तारखेपासून 30 दिवसांत ती परत करता येते. किरकोळ कपात होऊन पैसे परत येतात. मुदत गेली तर पहिल्या वर्षाचा हप्ता भरून ते वर्ष पूर्ण झाल्यावर काही रक्कम मिळण्याची सोय ऑक्टोबर 2024 पासून झाली आहे, पण भरलेले सगळे मिळत नाहीत. मामेभावाला तोंडी सांगून थांबू नका. कंपनीच्या शाखेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या, तारखेचा शिक्का मारून घ्या. यजमानांची सही लागेल, तेव्हा त्यांच्या दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात सकाळी दोघं मिळून जा.