तुरटीने कमावलेले कातडे पाण्याने का बिघडते?

प्रश्न : गेल्या हिवाळ्यात शेळीचे कातडे केसांसकट तुरटी-मिठाच्या पाण्यात ठेवून घरीच कमावले. ते पांढरे आणि मऊ झाले. पावसाळ्यात मात्र ते दमट लागू लागले, म्हणून पाण्याने धुऊन वाळवले, तर अगदी कडक झाले. असे का झाले? ते सुधारता येईल का?
— एक वाचक, पाटण (जि. सातारा)

उत्तर : तुमची कृती चुकलेली नाही, हा तुरटीचाच गुणधर्म आहे. कातडे मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचे असते. तुरटीतील ॲल्युमिनियम या तंतूंवरील आम्लधर्मी गटांना धरून राहते, त्यामुळे वाळताना तंतू एकमेकांना चिकटत नाहीत आणि कातडे मऊ राहते. मात्र ही पकड कारखान्यात कातडे कमावायला वापरतात त्या क्रोमियमसारखी पक्की नसते. भरपूर साधे पाणी मिळाले की ॲल्युमिनियम सुटून जाते आणि हाती उरते ते कच्चे कातडे, तबल्याच्या पुडीला वापरतात तसेच.

दमटपणा मिठाचा आहे. तुरटीच्या आम्ल पाण्यात कातडे फुगू नये म्हणून मीठ घालावेच लागते. पण आत उरलेले मीठ, हवेतील आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की, पाणी ओढून घेते, आणि पाटणकडच्या आषाढात ती सहज तेवढी असते.

सुधारण्यापूर्वी केस ओढून पाहावेत. ते हातात येत असतील, तर कातडे कुजू लागले आहे, त्यावर कष्ट घेऊ नयेत. केस घट्ट असतील, तर कातडे भिजवून मऊ करावे. ४ लिटर पाण्यात ४५० ग्रॅम तुरटी आणि वेगळ्या २ लिटर पाण्यात २२० ग्रॅम मीठ व ११० ग्रॅम खडा धुण्याचा सोडा विरघळवावा (निर्जल भुकटी असल्यास ४० ग्रॅम पुरे). सोड्याचे पाणी तुरटीच्या पाण्यात अगदी बारीक धारेने, ढवळत ओतावे. प्रत्येक धारेला फेस येतो आणि पांढरा साका दिसून विरतो. तो विरेनासा झाला की थांबावे. सोड्याने आम्लता उतरते आणि ॲल्युमिनियम तंतूंना अधिक घट्ट धरते. या द्रावणात कातडे बुडवून ठेवावे आणि मग वाळत घालावे. ते अर्धवट वाळले असतानाच बोथट लाकडी कडेवरून ओढत राहावे, हे काम टाळून मऊपणा येत नाही.

एवढे करूनही ते धुण्याजोगे होणार नाही. पाण्याशी संबंध येणाऱ्या वस्तूसाठी हिरडा आणि बाभळीची सालच वापरावी. उरलेले द्रावण शेतात किंवा ओढ्यात ओतू नये; त्यातील मीठ आणि ॲल्युमिनियम मातीला व माशांना घातक असते.