उरलेल्या भाजीची करंजी कढईत का फुटते?

प्रश्न : मटकीची उसळ उरली की दुसऱ्या दिवशी मी तिच्या तिखट करंज्या करते. दर वेळी चार-पाच करंज्या तेलात फुटतात. उसळ तर कोरडीच असते. कुठे चुकतं? (वाचक, सोलापूर)

उत्तर : पोळीशी खाताना कोरडी वाटणारी उसळ सारणासाठी ओलीच असते. शिजलेल्या दाण्यात पाणी असतं, कांदा-टोमॅटोत असतं. तळताना त्याची वाफ होते आणि कडेचा जोड जिथे कच्चा असेल तिथून ती बाहेर पडते. म्हणून उसळ आधी आटवायला हवी.

रस्सा निथळून काढा. तो आमटीत घालता येईल. साधारण 350 ग्रॅम उसळ जाड बुडाच्या कढईत मध्यम आचेवर 8 ते 10 मिनिटं परता आणि परतताना निम्मी मटकी पळीने ठेचा. सगळे दाणे अख्खे राहिले तर सारण सुटं राहतं आणि पारीला टोचतं. आता उलथन्याने कढईत मधोमध रेघ ओढा. रेघ तशीच राहिली, तिच्यात पाणी झिरपलं नाही, की सारण झालं. मग 2 मोठे चमचे डाळ्याचं कूट किंवा खमंग भाजलेलं बेसन घाला. कच्चं बेसन घालू नका, त्याचा उग्र वास शेवटपर्यंत राहतो. वरून मीठही घालू नका: आटल्यावर मीठ-तिखट आपोआप चढतं. जास्तच चढलं तर एक उकडलेला बटाटा कुस्करून घाला. कोथिंबीर घालायची ती सारण पूर्ण गार झाल्यावरच. गरम सारण भरलं तर पारी आतून ओलसर होते आणि उचलतानाच फाटते.

पारीसाठी 250 ग्रॅम मैदा, अर्धा छोटा चमचा मीठ, थोडा ओवा आणि 4 मोठे चमचे तेलाचं कडकडीत मोहन. मोहन आधी चमच्याने कालवा, मग पिठाला चोळा. मुठीत दाबल्यावर मुटका राहिला पाहिजे. पाणी चमच्याचमच्याने घाला, 90 मिलीच्या आसपास पुरतं. पीठ पुरीच्या पिठापेक्षा घट्ट हवं. झाकून अर्धा तास ठेवा, मग 20 लाट्या करा.

पारी 10 सेंमी व्यासाची लाटा. सारण एक मोठा चमचा, त्याहून जास्त नको. कड 1 सेंमी मोकळी ठेवा आणि सारणाचा तेलकट हात तिला लागू देऊ नका. तेल लागलेली कड कितीही दाबली तरी सुटते. कडेला पाण्याचं बोट फिरवा, आतली हवा बाहेर काढत मिटा. उरलेल्या भाजीच्या करंजीला आम्ही कातण्यापेक्षा (कड कातणीच्या चाकाने कापण्यापेक्षा) मुरड, म्हणजे कड थोडी थोडी दुमडत नेणं, पसंत करतो, कारण मुरडीत जोड दोनदा दाबला जातो.

प्रश्न : तळल्यावर कुरकुरीत असतात, तासाभरात मऊ पडतात. पारीवर बारीक फोडही येतात. (वाचक, नाशिक)

उत्तर : दोन्हीचं मुख्य कारण एकच, तेल फार तापलेलं. वरून रंग लवकर येतो, पण पारीतलं पाणी आतच राहतं आणि नंतर ती मऊ पडते. पिठाची बारीक गोळी तेलात टाका. ती तळाशी जाऊन पाच-सहा सेकंदांनी सावकाश वर आली पाहिजे. लगेच उसळली तर गॅस बंद करून थोडं थांबा. मंद आचेवर एक घाणा 10 ते 12 मिनिटं घेतो. तळलेल्या करंज्या जाळीवर सुट्या ठेवा, गरम असताना डब्यात भरू नका.

प्रश्न : शिळ्या पोळ्यांचे समोसे करताना पोळी दुमडीवर तडकते. (वाचक, ठाणे)

उत्तर : पोळी तव्यावर दहा सेकंद गरम करा आणि लगेच ओल्या फडक्यात गुंडाळा. पाच मिनिटांनी ती वळते. मधोमध कापून अर्ध्या पोळीचा कोन करा. 2 चमचे मैदा आणि तेवढंच पाणी, अशा दाट खळीने जोड चिकटवा, कारण भाजलेली पोळी नुसत्या पाण्याने चिकटत नाही. पोळी आधीच भाजलेली असल्याने इथे तेल चांगलं तापलेलं हवं. दोन-तीन मिनिटांत समोसा होतो. मंद तेलात पोळी तेल पिते. फुलके यासाठी फार पातळ पडतात.

प्रश्न : किती दिवसांची भाजी चालेल? आणि भरलेल्या करंज्या फ्रीझरमध्ये ठेवता येतात का? (वाचक, पुणे)

उत्तर : शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलेली भाजी तीन दिवसांपर्यंत वापरा, खिमा असेल तर दुसऱ्याच दिवशी. भरण्याआधी सारण वाफ येईपर्यंत गरम झालंच पाहिजे. तळताना पारीच्या आत पुरेशी उष्णता पोचेल असं धरून चालू नका. रात्रभर ओट्यावर राहिलेली भाजी किंवा भात वापरूच नका. भातात वाढणाऱ्या काही जिवाणूंचं विष पुन्हा तापवूनही नाहीसं होत नाही.

फ्रीझरमध्ये ठेवायच्या असतील तर कच्च्याच ठेवा. ताटात एकमेकींना न चिकटतील अशा मांडून दोन-तीन तास घट्ट होऊ द्या, मग पिशवीत भरा. महिनाभर चांगल्या राहतात. तळण्याआधी बाहेर काढून ठेवू नका, पारीवर पाणी सुटून तेल उडतं. बर्फ चिकटला असेल तर पुसून थेट मंद तेलात सोडा, एका वेळी तीन-चारच.